तोंतीचा बोल्ट, मुनीमाचा बोल्ट

पुढच्या संवादातले मामा आणि भाचा दोघेही मी रचलेले आहेत. त्यांचं भांडण मात्र रचावं लागलं नाही. जुनी गाडी घरी खोलून बसणाऱ्या कुठल्याही दोघांत ते होतंच. मामांची हयात कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेली, आधी दुसऱ्याच्या लेथवर, मग स्वतःच्या गॅरेजात. चेतक, राजदूत, बुलेट, जे दारात येईल ते. भाचा स्टुटगार्टजवळ राहतो, मोटारींच्या ब्रेकसाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि भाड्याच्या गॅरेजात 1978 सालची मोतो गुत्सी 850 टी-थ्री बाळगून आहे. मामा नव्वद दिवसांच्या व्हिसावर आलेत. महिना फेब्रुवारीचा, बाहेर बर्फ. त्यामुळे पाहुण्याला कुठे फिरवायचं हा प्रश्न मिटलेला.

ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं. इटलीत कोमो सरोवराच्या पूर्व काठावर मांदेल्लो देल लारिओ नावाचं गाव आहे. मोतो गुत्सीचा कारखाना 1921 पासून तिथेच. टी-थ्रीचं इंजिन 844 सीसीचं. दोन सिलेंडर एकमेकांशी नव्वद अंशांत, टाकीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले. क्रँक गाडीच्या लांबीत बसवलेला, म्हणून मागच्या चाकाला चेन नाही, शाफ्ट आहे. उभ्या गाडीला रेस दिली की अख्खी गाडी उजवीकडे झुकते. पहिल्यांदा बसणारा दचकतोच.

भाचा: ही यादी बघा, मामा. मार्चअखेर एवढं उरकायचंय. इलेक्ट्रॉनिक इग्निशन, जास्त ताकदीचा अल्टरनेटर, हेडलाइटला रिले, तीसच्या जागी छत्तीसचे कार्बोरेटर, ब्रेकच्या लाइनी वेगळ्या, ऑइल फिल्टर बाहेरून निघेल असं चेंबर. शिवाय मागची फ्रेम कापून छोटी सीट.

मामा: गाडी चालू हाय का?

भाचा: चालू आहे की. दोन तास चालवली की बॅटरी उतरते, एवढंच. म्हणून तर अल्टरनेटर.

मामा: मंजे गाडी बंद हाय. बंद गाडीची यादी वेगळी असती. किल्ली लाव बघू.

किल्ली लावली. चार्जिंगचा लाल दिवा लागला, चांगला लख्ख. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि त्या दिव्याकडेच बघत राहिले.

मामा: हा दिवा कुणी बसवला?

भाचा: आधीच्या मालकानं. सगळे छोटे दिवे एलईडी करून टाकलेत त्यानं. करंट कमी खातात.

मामा: तिथंच घोटाळा हाय. तारेचा साधा बल्ब हाय का कुठं?

ड्रॉवरमध्ये एक निघाला. त्याआधी मामांनी मल्टिमीटर बॅटरीला लावून गाडी चालू करायला सांगितली. आयडलिंगला 12.3 व्होल्ट, तीन हजार फेऱ्यांनाही तेवढेच. मग एलईडी काढला, बल्ब बसवला, पुन्हा सुरू. फेऱ्या वाढताच दिवा विझला आणि मीटर 14.1 वर जाऊन थांबला.

भाचा: हे कसं काय?

मामा: ह्या बॉशच्या अल्टरनेटरमध्ये चुंबक नसतंय. रोटरच्या गुंडाळीत आधी थोडा करंट घातला तर तो चुंबक हुतोय आणि मग स्वतःच स्वतःला पोसतोय. तो पहिला करंट ह्या दिव्याच्या तारेतनंच जातोय. एलईडीतनं जातच न्हाई म्हणावं इतका कमी जातोय. जुन्या जीपला बी अशीच सिस्टिम. तुझ्या त्या मालकाला दिवा दिसला, त्याच्या मागची वायर दिसली न्हाई. त्यानं मॉडिफाय केलं, आणि तू त्याच्या मॉडिफिकेशनवर उतारा म्हणून दुसरं मॉडिफिकेशन मागवणार हुतास. कितीला हाय तो अल्टरनेटर?

भाचा: जाऊ द्या.

मूळचा बॉशचा अल्टरनेटर 280 वॉटचा आहे आणि त्या काळच्या मोटरसायकलला तो भरपूर होता. यादीतली एक ओळ अशी गेली. मामांचा सगळा युक्तिवाद ह्या एका दिव्यात आला असं वाचकाला वाटेल. त्यांनाही तसंच वाटलं.

मामा: माझं म्हणणं एवढंच. गाडी आधी कारखान्यातनं निघाली तशी कर. टॅपेट, पॉइंट, टायमिंग, दोन्ही कार्बोरेटर एका सुरात. मग हजारभर किलोमीटर पळव. मग सांग काय कमी हाय ते. निम्मी यादी आपोआप गळती. लोक दुरुस्ती टाळायला मॉडिफाय करत्यात. दुरुस्तीत मान मोडून बसावं लागतंय, नवीन पार्ट लावला की फोटो काढता येतोय.

भाचा: आणि कारखान्यातच चूक झाली असेल तर? तुम्ही बजाजवर शिकलात, मामा. बजाजनं 1960 साली पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवायला घेतली, 1971 ला करार संपला, पण डिझाइन पुढे कित्येक वर्षं तेच चालवलं. तुमच्या अख्ख्या पिढीला वाटतं की गाडी अशीच असते. सकाळी स्कूटर एका अंगावर तिरकी करून किक मारायची आणि त्याला तंत्र म्हणायचं.

मामा: चालू हुत हुती का न्हाई?

भाचा: व्हायची. पण कुणी विचारलं का, तिरकी का करावी लागते म्हणून?

मामा गप्प बसले आणि टॅपेटकडे वळले. टॅपेटच्या बाबतीत गुत्सीसारखी सोयीची गाडी नाही. सिलेंडर बाहेर आलेले, कव्हर काढलं की रॉकर समोर. दोन्ही प्लग काढले, गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने फिरवलं आणि पिस्टन काँप्रेशनच्या माथ्यावर आणला. थंड इंजिनाला 0.22 मिलिमीटरची फट. मामांनी लॉकनट सैल करून स्क्रू फिरवला, फिलर गेज आतबाहेर केला. ‘निसटायला नको आणि अडकायला बी नको,’ एवढं बोलून नट आवळला आणि पुन्हा फिलर घातला, कारण नट आवळताना स्क्रू जरासा फिरतोच. भाच्याने टॉर्क रेंच पुढे केला होता. तो तसाच हातात राहिला.

पॉइंटवर वाद लांबला नाही, आणि इथे माझं मत भाच्याच्या बाजूने आहे. टी-थ्रीच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटच्या दोन जोड्या, प्रत्येक सिलेंडरला एक. दोघींची फट वेगळी, दोघींची झीज वेगळी, त्यामुळे डावा आणि उजवा सिलेंडर आपापल्या चालीने टायमिंगमधून सरकत राहतात. मामा म्हणाले की पॉइंट रस्त्याकडेला पॉलिश पेपरने घासून घरी येता येतं, इलेक्ट्रॉनिक बॉक्स गेला की गाडी टेंपोत घालावी लागते. ते खरंच आहे. पण वर्षातून चार-सहा रविवार चालणाऱ्या गाडीच्या मालकाला टेंपोची भीती घालणं म्हणजे जरा अतीच.

भाचा: आता हेडलाइटचं बघा. बॅटरीला 12.6 व्होल्ट. बल्बच्या टोकाला मीटर लावा.

मामा: 11.3.

भाचा: कारण हेडलाइटचा सगळा करंट किल्लीच्या स्विचमधून, मग हँडलच्या स्विचमधून, बारीक वायरीतून फिरून येतो. व्होल्टेज दहा टक्के घसरलं की उजेड जवळजवळ तीस टक्के घसरतो. रिले लावला तर स्विचमधून फक्त रिलेपुरता करंट जाईल, बल्बला बॅटरीहून जाड वायर. ह्यात कारखान्याची कसली अक्कल जपायची आहे? कुणीतरी दोन रिले आणि मीटरभर तांबं वाचवलं. कंपनी 1973 च्या सुमारास दे तोमासो नावाच्या नव्या मालकाच्या ताब्यात गेली होती. पैसे वाचवणं चालूच असणार. हा बोल्ट इंजिनिअरचा नाही, मुनीमाचा आहे.

मामा: रिले लाव. त्याला कोण न्हाई म्हणतंय?

भाचा: मघाशी तुम्हीच म्हणालात, कारखान्यातनं निघाली तशी.

मामा: मुनीमाची बाजू मी घेत न्हाई. तो उद्यमनगरात बी असतोय.

वाद खऱ्या अर्थाने सुरू झाला तो इथे. दोघांनाही एक मोजमाप मिळालं. प्रत्येक सुट्या भागापाशी विचारायचं: हे ज्याने असं केलं तो ड्रॉइंग बोर्डवर बसला होता की हिशेबाच्या वहीवर? अडचण अशी की एकाच भागावर दोघांचीही बोटं उमटलेली असतात.

ऑइल फिल्टरचंच घ्या. टी-थ्रीच्या आधीच्या मोठ्या गुत्सींना फिल्टर म्हणून नुसती जाळी होती. टी-थ्रीला मोटारीसारखा बदलता येणारा फिल्टर आला ही मोठीच सुधारणा. पण तो बसवला चेंबरच्या आत. म्हणजे फिल्टर बदलायचा तर तीन लिटर ऑइल काढा, खालून डझनाहून अधिक बोल्ट सोडा, अख्खं चेंबर उतरवा, जुनं पॅकिंग खरवडा, नवं लावा. भाच्याने मागवायला काढलेल्या चेंबरमध्ये फिल्टर खालूनच फिरवून निघतो.

भाचा: ह्याचं समर्थन तुम्ही करूच शकत नाही.

मामा: आधी उतरव तर.

चेंबर उतरलं. तळाशी ऑइलचा काळा थर. मामांनी त्यात बोट फिरवलं आणि बोट ट्यूबलाइटखाली धरलं. बोटावर बारीक चमचमत्या कपच्या होत्या. लोहचुंबक जवळ नेला. एकही कपची हलली नाही.

भाचा: ॲल्युमिनियम असेल. पिस्टनचं किंवा चेंबरचंच.

मामा: असंल न्हाईतर नसंल. नळ साफ करायचा कॉस्टिक सोडा हाय का घरात? आणि हातमोजे घाल.

काचेच्या बरणीत पाणी, त्यात सोडा, त्यात कपच्या. कॉस्टिकमध्ये ॲल्युमिनियम फसफसून विरघळतं. बरणीत थोडे बुडबुडे आले, थांबले आणि तळाशी चकचकीत कपच्या तशाच राहिल्या. क्रोम. त्या काळात गुत्सीच्या ॲल्युमिनियम सिलेंडरच्या आत कठीण क्रोमचा मुलामा दिलेला असे. नवा असताना उत्तम. पण वर्षानुवर्षांनी, विशेषतः गाडी बराच काळ न चालवता ओलीत उभी राहिली असेल तर, त्या मुलाम्याचे पापुद्रे सुटतात. सुटलेला क्रोम ऑइलबरोबर फिरतो आणि क्रँकच्या बेअरिंगपर्यंत पोचतो. फिल्टर आहे म्हणून थोडं वाचतं, एवढंच.

मामा: बघ. फिल्टर बाहेरनं निघाला असता तर तू तीन मिनिटांत बदलून मोकळा झाला असतास. चेंबर उतरवलंस म्हणून आत काय चाललंय ते दिसलं. पोट फाडल्याबिगर रोग कळत न्हाई.

भाचा: आणि रोग कुणी दिला? कारखान्यानंच. आता सांगा तुमच्या उद्यमनगरात ह्यावर काय करतात?

मामा: बोअर करायचं. वीसच्या ओव्हरसाइझला पिस्टन घालायचा.

भाचा: क्रोमच्या बोअरला बोअर करता येत नाही, मामा. मुलामा गेला की सिलेंडर गेला. नवे सिलेंडर, नवे पिस्टन.

मामांना हे पटायला वेळ लागला. ज्या सिलेंडरला ओव्हरसाइझ नाही तो सिलेंडरच कसला, असा त्यांचा चेहरा. बुलेटचा ब्लॉक तीनदा बोअर होतो, मग लायनर बदलतात, मग पुन्हा पहिल्यापासून. गाडी मालकापेक्षा जास्त जगते. इथे इटलीतल्या कुणीतरी अवघड, हलका, गार राहणारा सिलेंडर बनवला आणि त्याच्या म्हातारपणाची काही सोयच ठेवली नाही. 1980 च्या आसपास गुत्सीने स्वतःच क्रोम सोडून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा, म्हणजे निकासिल, वापरायला सुरुवात केली. मांदेल्लोतलीच जिलार्दोनी ही कंपनी आजही जुन्या गुत्सींसाठी तसे सिलेंडर-पिस्टनचे संच बनवते.

भाचा: मग निकासिल घातलं तर ते मॉडिफिकेशन की दुरुस्ती?

मामा: कंपनीनं स्वतःची चूक स्वतः निस्तरली, त्याला दुरुस्तीच म्हणायचं.

भाचा: आणि कंपनीनं निस्तरली नाही, पण चूक तेवढीच आहे, ती मी निस्तरली तर?

मामा: तर तू सिद्ध करून दाखवायचंस. कंपनीनं रस्त्यावर हजार गाड्या पळवून बघितलेल्या असत्यात. तुझी एकच.

छत्तीसचे कार्बोरेटर ह्याच न्यायाने पडले. ते गुत्सीच्याच 1976 च्या ले मांस ह्या मॉडेलवरचे. त्या इंजिनाचे व्हॉल्व्ह मोठे, काँप्रेशन जास्त. टी-थ्रीच्या लहान पोर्टांवर ते बसवले की खालच्या फेऱ्यांना हवेचा वेग पडतो आणि गाडी गावातून खोकत जाते. भाच्यालाही ते ठाऊक होतं. त्याला देल्लोर्तो कंपनीच्या त्या मोठ्या नळकांड्यांचं रूप आवडलं होतं, दुसरं काही नाही.

ब्रेकवर मात्र तो ऐकायला तयार नव्हता, आणि तो त्याच्या पोटापाण्याचा विषय.

भाचा: पायाचं पेडल दाबलं की मागची डिस्क आणि पुढची डावी डिस्क, दोन्ही एकदम लागतात. हाताच्या लिव्हरला फक्त पुढची उजवी. म्हणजे माझ्या हातात पुढचा अर्धाच ब्रेक. मला दोन्ही पुढच्या डिस्क हाताला हव्यात आणि मागची एकटी पायाला. जगातल्या बाकीच्या मोटरसायकलींसारखं.

मामा: तुझ्या मामीची ॲक्टिव्हा हाय. डावा ब्रेक दाबला की पुढचा बी लागतोय. का माहीत हाय?

भाचा: माहीत आहे. भारतात 2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीपर्यंतच्या प्रत्येक नव्या दुचाकीला जोडब्रेक नाहीतर एबीएस सक्तीचा आहे.

मामा: का केला सक्तीचा? घाबरल्यावर माणूस एकच ब्रेक दाबतोय, आणि बहुतेक मागचाच. म्हणून. आणि तुझ्या ह्या इटलीवाल्यांनी ते 1975 ला टी-थ्रीवर करून ठेवलं. आता सांग, हा बोल्ट कुणाचा? मुनीमाचा न्हवं ना? जादा पाइप, जादा जोड, ह्यात पैसं वाचत न्हाईत, जात्यात.

भाचा: डिझाइन शहाणं आहे, मी नाही म्हणत नाही. पण ते सरासरी माणसासाठी आहे. कच्च्या रस्त्यावर हळू यू-टर्न घेताना मी मागचा ब्रेक जरा धरून गाडी सावरतो. इथे पेडल धरलं की पुढचं चाकही धरलं जातं, हँडल वळलेलं असताना, खडीवर. अडीचशे किलोच्या आसपासची गाडी आडवी व्हायला एवढं पुरे.

मामा: हां. हे खरं हाय.

ही कबुली मामांनी सहज दिली, आणि मला वाटतं भाच्याचा हा मुद्दा अजून कुणी नीट खोडलेला नाही. पण मामा तिथे थांबले नाहीत.

मामा: दोन्ही डिस्क हाताला जोडल्यास. हाताचा मास्टर सिलेंडर बनलाय एका कॅलिपरसाठी. दुप्पट ऑइल ढकलायला गेला की लिव्हर थेट हँडलला टेकणार.

भाचा: मोठ्या बोअरचा मास्टर लावीन.

मामा: मग लिव्हर दगड हुणार. पिस्टन मोठा झाला की तेवढ्याच जोराला दाब कमी. आणि पायाचं काय? तुझा पाय दोन डिस्कच्या जोराला सरावलाय. आता त्याच जोराला गाडी निम्मीच थांबली की तू अजून दाबणार, आणि मागचं चाक घसरणार.

भाचा: पंधरवड्यात सवय होईल.

मामा: सवय कोरड्या रस्त्यावर हुती. घाबरल्यावर जुनीच सवय येती. ते असू दे. मला सांग, ब्रेक कमी का वाटतोय तुला? हे रबरी पाइप किती सालचे?

पाइपवर छापलेलं साल वाचता येईना, पण बोटाने दाबल्यावर बारीक भेगा उघडत होत्या. अशा पाइपात दाबाचा काही भाग रबर फुगवण्यात जातो आणि तो कॅलिपरपर्यंत पोचतच नाही. ब्रेक ऑइल चहाच्या रंगाचं झालेलं. ते हवेतलं पाणी शोषतं म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. शिवाय ह्या गाडीत पेडलपासून पुढच्या डाव्या कॅलिपरकडे जाणारी लाइन आधी फ्रेममधून वर चढते आणि मग फोर्कवरून उतरते. सगळ्यात उंच जागी हवेचा बुडबुडा बसून राहतो आणि नेहमीच्या पद्धतीने कितीही वेळा ब्लीड केलं तरी हलत नाही. मामांनी पुढचं कॅलिपर सोडून तारेने खाली टांगलं, खालून सिरिंजने ऑइल वर ढकललं आणि मास्टरच्या डब्यात बुडबुडे येतात का ते बघत राहिले. आले. मग स्टीलच्या जाळीचे, प्रमाणपत्र असलेले पाइप बसले. पेडल कडक झालं.

भाचा: फरक पडला. पण यू-टर्नचं उत्तर नाही मिळालं.

मामा: न्हाईच मिळालं. एक सीझन असाच चालव, मग बघ.

भाच्याने यादीतली ती ओळ खोडली नाही, फक्त तिच्यापुढे ‘ऑक्टोबर’ असं लिहिलं.

आता फ्रेम कापण्याचं. मागची नळी आरीने कापायची, वर छोटी सीट, हँडल खाली, गाडी कॅफे रेसर दिसते. इथे मामांनी काही बोलण्याआधी जर्मन कायदाच बोलतो. दर दोन वर्षांनी तपासणी असते. ब्रेक, फ्रेम, हँडल ह्यांत केलेला बदल कागदपत्रांत नोंदवून घ्यावा लागतो. तीस वर्षांवरच्या गाडीला नंबराच्या शेवटी ‘एच’ अक्षराची ऐतिहासिक पाटी मिळते, पण गाडी मूळ रूपात असेल किंवा बदल त्या काळातलेच असतील तरच. पहिल्या नोंदणीनंतरच्या दहा वर्षांत जे बदल होण्यासारखे होते ते चालतात.

मामा: पाटी मिळाल्यावर काय मिळतंय?

भाचा: मोटरसायकलला वर्षाचा टॅक्स सरसकट 46.02 युरो.

मामा: आणि पाटी न्हाई घेतली तर?

भाचा: दर 25 सीसीला 1.84 युरो. म्हणजे 62.56.

मामा: साडेसोळा युरोसाठी सरकारकडनं सर्टिफिकेट घ्यायचं, की गाडीला हात लावला न्हाई म्हणून?

भाचा: पैशासाठी नाही, मामा. पण बघा, कायद्यालाही बदल नकोत असं नाही. 1980 साली कुणी टी-थ्रीला ले मांसचं हँडल लावलं असतं ते आज ‘ऐतिहासिक’. मी लावलं तर तेही ऐतिहासिक, कारण तेव्हा लावता आलं असतं. फक्त आजचं काही चालत नाही.

मामा: नट-बोल्टनं लागतंय ते लाव, मूळचं डब्यात घालून ठेव, परत बसवता येतंय. आरी लावलीस की मी मुंबईचं तिकीट काढतो.

भाच्याने आरी लावली नाही. तिकिटाला भिऊन नव्हे. फ्रेम खोलून बघितली म्हणून. क्लचच्या घराखालच्या भोकातून ऑइल टपकत होतं. गुत्सीचा क्लच मोटारीसारखा कोरडा असतो. तिथे ऑइल आलं म्हणजे बहुतेक क्रँकच्या मागचं सील गेलं, आणि ते बदलायचं तर गिअरबॉक्स सुटा करावा लागतो. नेहमीच्या मोटरसायकलचं इंजिन फ्रेममधून ओढून काढतात, ज्याला दोन माणसं आणि बऱ्याच शिव्या लागतात. गुत्सीच्या लिनो तोंती ह्या इंजिनिअरने ह्या फ्रेमच्या खालच्या दोन्ही नळ्या बोल्टने जोडल्या आहेत. त्या सोडल्या की इंजिन आणि गिअरबॉक्स ठोकळ्यावर तसेच उभे राहतात आणि फ्रेम वरून उचलून बाजूला होते.

मामा: हा माणूस गॅरेजात बसलेला हाय. ह्यानं स्वतः कधीतरी इंजिन उतरवलंय, त्याशिवाय हे बोल्ट सुचत न्हाईत. ह्याला म्हणायचं इंजिनिअर. आणि तू ह्याची फ्रेम कापणार हुतास.

भाचा: तोंतीचं कौतुक करताय तर पुढचंही ऐका. मूळ इंजिन तोंतीच्या आधीच्या इंजिनिअरचं, कार्कानोचं, 1960 च्या दशकातलं, 703 सीसीचं. त्यावर डायनॅमो दोन सिलेंडरच्या मध्ये, वर बसवलेला. त्यामुळे फ्रेम उंच, गाडी उंच, पोलिसांच्या कामाची. तोंतीनं 1971 च्या व्ही-सेव्हन स्पोर्टसाठी तो वरचा डायनॅमो काढला, क्रँकच्या पुढच्या टोकाला अल्टरनेटर बसवला आणि त्या मोकळ्या जागेतून ही खालची, सरळ फ्रेम नेली. म्हणजे काय केलं? दुसऱ्याच्या गाडीला मॉडिफाय केलं. तुमच्यासारखा कुणी मामा तिथे असता तर म्हणाला असता, आधी कार्कानोनं केलं तसं नीट चालव.

मामा: तो पगारी इंजिनिअर हुता.

भाचा: मीही पगारी इंजिनिअरच आहे.

मामा: तू काँप्युटरवर लिहितोस. बरं, आता मालक कोण ह्या कंपनीचा?

भाचा: पियाजिओ, 2004 च्या अखेरीपासून.

मामा: आपली बारामतीची? ॲपे रिक्षावाली?

भाचा: तीच.

मामांना हे भलतंच आवडलं. पुढचा अर्धा तास ते गुत्सीला ‘बारामतीकर’ म्हणत होते.

सील बदललं. गिअरबॉक्स बाहेर, क्लच बाहेर, फ्लायव्हील समोर. अशा वेळी प्रत्येक गॅरेजात एक वाक्य उच्चारलं जातं आणि त्यातून घरं कर्जात जातात: एवढं उघडलंच आहे तर. मला वाटलं ते भाचा म्हणणार.

मामा: एवढं उघडलंच हाय तर, हे फ्लायव्हील किती जड हाय बघितलंस का?

भाचा: बघितलं. मुद्दाम जड ठेवलंय, खालच्या फेऱ्यांना गाडी गुळगुळीत चालावी म्हणून. हा तोंतीचा बोल्ट आहे, मामा. मुनीमाचा नाही.

मामा: आरं, पण काठावरनं थोडं उतरवलं तर रेस कशी पटकन घेईल. गिअर टाकताना खडखड कमी हुईल. बुलेटची किती उतरवलीत मी. इथं लेथ कुणाकडं हाय?

भाचा: कंपनीनं हजार गाड्या पळवून बघितल्यात ना?

मामा: हजार गाड्या पोलिसवाल्यांनी पळवल्या, गल्लीबोळातनं. तुला काय पहिल्या गिअरमध्ये मोर्चाबरोबर चालायचंय?

भाचा: काठावर टायमिंगच्या खुणा आहेत. ‘डी’ उजव्या सिलेंडरची, ‘एस’ डाव्याची. क्लचच्या घराच्या उजव्या अंगाला रबरी बूच काढून त्या भोकातून बघतात. काठ उतरवलात की खुणा गेल्या.

मामा: आधी आतल्या बाजूला पंच मारून घेऊ. मग उतरवायचं, मग बॅलन्स करायचा, मग खुणा परत बाहेर आणायच्या. पंच हाय?

भाचा: पंच आहे. बॅलन्सिंगला गावाबाहेर एक वर्कशॉप आहे, पण तिथला माणूस इंजिनिअरचा सहीशिक्क्याचा कागद मागेल.

मामा: तू पगारी इंजिनिअर हाईस की.